संभाव्य कारण

अमेरिकी लोकप्रिय संगीतावरचा एक लांबलचक लेख मराठीत आणत होते, तेव्हा एका वाक्यापाशी अडले. लेखकाने ओघात लिहिले होते की, ३ फेब्रुवारी १९५९च्या पहाटे बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन हे तीन गायक ज्या छोट्या विमानात मरण पावले, त्या विमानाचे नाव ‘अमेरिकन पाय’ होते आणि डॉन मॅक्लीनच्या १९७१ सालच्या प्रसिद्ध गाण्याला शीर्षक मिळाले ते तिथूनच. मराठी वाचकासाठी इथे तळटीप हवी होती. दोन ओळींची. अनुवादकाच्या कामात दोन ओळींची तळटीप कधी कधी दोन महिने खाते, तसे झाले.

पहिल्याच संध्याकाळी कळले की ती आख्यायिका आहे. खुद्द मॅक्लीननेच ती नाकारलेली आहे. तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण तोवर मी त्या अपघाताचा अधिकृत अहवाल उघडला होता, आणि त्यातल्या एका विशेषणाने मला धरून ठेवले.

घटना थोडक्यात अशी. ऐन हिवाळ्यात मध्य-पश्चिम अमेरिकेत गाण्यांचा दौरा चाललेला. प्रवास बसचा, आणि बसमधली उष्णता-यंत्रणा सतत बिघडणारी. ढोलकवादकाचे पाय हिमदंशाने इतके बाधले की त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. आयोवा राज्यातल्या क्लिअर लेक गावी २ फेब्रुवारीच्या रात्रीचा कार्यक्रम झाल्यावर हॉलीने ठरवले की पुढचा टप्पा विमानाने गाठायचा. जवळच्या मेसन सिटीच्या विमानतळावर चार आसनी बीचक्राफ्ट बोनान्झा भाड्याने मिळाले, माणशी ३६ डॉलर. वैमानिक रॉजर पीटरसन, वय २१. हॉली २२ वर्षांचा, व्हॅलेन्स १७, रिचर्डसन २८. रात्री एकच्या सुमारास विमान उडाले आणि काही मिनिटांत, विमानतळापासून काही मैलांवर, मक्याच्या शेतात पूर्ण वेगाने आदळले. उजवा पंख आधी जमिनीला लागला. अवशेष सापडले ते सकाळी साडेनऊनंतर.

सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अहवाल दिला. अशा अहवालांच्या शेवटी एक ठराविक मथळा असतो, त्याचे मराठी मी ‘संभाव्य कारण’ असे करते. त्याखाली लिहिले होते की, केवळ उपकरणांच्या आधारे उडावे लागेल असे उड्डाण, त्यासाठीचा परवाना आणि पात्रता नसताना, हाती घेण्याचा वैमानिकाचा निर्णय अविचारी होता. पुढे एका वाक्यात दोन साहाय्यक कारणे.

‘अविचारी’ हा शब्द माझ्या रोजच्या ओळखीचा. मी हैदराबादेत राहते आणि साहित्याच्या अनुवादावर कुणाचे घर चालत नसल्यामुळे वाहन-अपघातांच्या दाव्यांतली मराठी कागदपत्रे इंग्रजीत करून देते. नांदेडकडच्या, लातूरकडच्या फिर्यादी आणि पंचनामे. त्यांत एक वाक्य असते आणि ते कधीही बदलत नाही : चालकाने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगाने चालविले. अपघात घाटात झालेला असो की चौकात, वाहन उभे असो की चालते, वाक्य तेच. माझ्या मामांच्या कागदातही ते होते. मामा ट्रक चालवत. उतारावर ब्रेक लागले नाहीत, समोरून येणाऱ्या जीपमधला एक माणूस गेला. ब्रेकची तक्रार त्यांनी मालकाकडे दोनदा केली होती, असे मामी सांगायच्या. पंचनाम्यात तिला जागा नव्हती. सहा वर्षांनी मामा निर्दोष सुटले. त्यानंतर त्यांनी सायकलसुद्धा चालवली नाही.

म्हणून पुढचे दोन महिने मी बोनान्झा या विमानाच्या अपघातांविषयी मिळेल ते वाचत गेले. विमानविद्येतले माझे ज्ञान शून्य. पण कागदावरच्या वाक्याने माणसाच्या माथी काय मारले जाते, हे वाचण्याची सवय होती.

बोनान्झा दुसऱ्या महायुद्धानंतरचे अपत्य. कॅन्ससमधल्या विचिटा इथल्या बीच कंपनीने त्याचे पहिले उड्डाण डिसेंबर १९४५ मध्ये केले आणि १९४७ पासून ते विकायला काढले. किंमत आठ हजार डॉलरांच्या आत. त्या काळातली बरीच खाजगी विमाने लाकूड-कापडाच्या घडणीची, चाके कायम लोंबकळणारी. हे मात्र सबंध धातूचे, गुळगुळीत, चाके पोटात घेणारे आणि ताशी पावणेदोनशे मैलांच्या आसपास जाणारे. १९४९च्या मार्चमध्ये बिल ओडम नावाच्या वैमानिकाने एक बोनान्झा होनोलुलूहून एकट्याने उडवले ते थेट न्यूयॉर्कजवळच्या टेटरबरोला उतरवले. ३६ तास, जवळजवळ पाच हजार मैल, मध्ये कुठेही न थांबता. ते विमान आज अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई संग्रहालयाकडे आहे.

त्याची ओळख म्हणजे शेपटी. नेहमीच्या विमानाला मागे तीन पाती असतात : दोन आडवी, एक उभे. आडव्यांनी नाक वर-खाली होते, उभ्याने डावी-उजवीकडे वळते. बोनान्झाला दोनच, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी तिरकी. दोघांनी तिघांचे काम करायचे. कल्पना येझी रुदलित्स्की या पोलिश अभियंत्याची, १९३०च्या सुमाराची. एक पाते कमी म्हणजे वजन कमी, हवेचा विरोध कमी. शिवाय ते दिसायला देखणे होते, आणि विक्रीत देखणेपणाचा वाटा किती हे कुठल्याच अभियांत्रिकी अहवालात येत नाही. दोन-पाती बोनान्झा १९८२ पर्यंत बनत राहिले, दहा हजारांहून जास्त.

आणि मग टोपणनाव. अमेरिकी वैमानिकांच्या बोलीत या विमानाला जे म्हणत त्याचे मराठी मी ‘दुशेपट्या डॉक्टरमार’ असे केले. डासमार, उंदीरमार या चालीवर. सूचना अशी की, हे विमान परवडते ते डॉक्टर-वकिलांना. त्यांच्याजवळ पैसा असतो, सरावाला वेळ नसतो. ऑपरेशन थिएटरात सगळे आपल्या शब्दावर चालते, तसे ढगातही चालेल असे त्यांना वाटते, आणि ते मरतात. विनोद चांगला आहे. त्यात थोडे तथ्यही आहे. पण विनोदाचे काम झाले की चौकशीची गरज उरत नाही; हेही पंचनाम्याचेच वाक्य, फक्त हसत म्हटलेले.

ढगात माणसाचे काय होते, हे आधी समजून घ्यावे लागले. आपला तोल डोळे सांभाळतात आणि आतला कान. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. आपण वळलो की तो मागे राहतो आणि वळल्याची जाणीव होते. पण वळण संथ आणि एकसारखे असेल तर थोड्या वेळात द्रवही त्याच गतीने फिरू लागतो आणि जाणीव विझते. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. ढगात, किंवा चंद्र नसलेल्या रात्री ओसाड मुलखावर, सुधारणारे कुणी नसते. विमान एका कुशीवर कलते, वळू लागते, वैमानिकाला वाटते आपण सरळ चाललो आहोत. कललेल्या विमानाचे नाक खाली जाते, वेग वाढतो. वेगाचा काटा पाहून तो घाबरतो आणि दांडा स्वतःकडे ओढतो. सरळ विमानात तसे केल्याने नाक वर येते; कललेल्या विमानात वळण आणखी आवळते. जितके ओढावे तितके खोल. इंग्रजीत याला स्मशानाचे नाव दिलेले आहे, स्मशान-भोवरा म्हणता येईल. मी मसुद्यात ‘दिशाभ्रम’ लिहिले होते. ते पुसून ‘चकवा’ लिहिले. रात्री माळावर चकवा लागलेला माणूस आपण घराकडे चाललो म्हणून पावले टाकत राहतो आणि त्याच बाभळीपाशी परत येतो. आजी सांगायची, चकवा लागला की चालू नये, खाली बसावे, उजाडू द्यावे. विमानाला बसता येत नाही.

हा चकवा मोजला गेला आहे. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने वीस वैमानिक घेतले, उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेले. त्यांना शिक्षकाशेजारी बसवून, बाहेरचे दिसणार नाही अशी तजवीज करून विमान त्यांच्या हाती दिले. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. एकोणीस जण भोवऱ्यात गेले, विसाव्याने नाक इतके वर नेले की विमान हवेत टिकेना. कुणी वीस सेकंदांत, कुणी आठ मिनिटांत. सरासरी १७८ सेकंद. हा आकडा आजही उड्डाण-शाळांत घोकला जातो. प्रयोगाचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. त्या वीस जणांना मग एक साधी कृती शिकवली, ढगातून माघारी फिरण्यापुरती, आणि तिच्या आधारे ते जवळजवळ प्रत्येक वेळी सुखरूप वळून बाहेर आले. कृतीची पहिली पायरी : दांड्यावरचे हात काढा. चाके खाली सोडा, म्हणजे वेग आवरेल, आणि वळायचे ते पायांनी, हलकेच. आजीची आणि इलिनॉयच्या प्राध्यापकांची गाठ पडली असती तर दोघांचे जमले असते.

त्या प्रयोगासाठी वापरलेले विमान कोणते? बोनान्झा, सी-३५.

सी-३५ हे नाव लक्षात ठेवायला हवे. १९५१ मध्ये आलेल्या या आवृत्तीत शेपटीची पाती रुंद केली गेली. रुंदी पुढच्या बाजूला वाढवली. पात्याच्या आतला मुख्य आडवा कणा होता तिथेच राहिला. म्हणजे पात्याची पुढची कड कण्याच्या पुढे, मुळाशी धडाला न बांधलेली, तशीच राहिली. घराचा सज्जा पुढे काढावा आणि खालचा टेकू जागचा हलवू नये, तसे काहीसे. नेहमीच्या उड्डाणात याने काही बिघडत नव्हते. सरकारी परीक्षा विमानाने रीतसर उत्तीर्ण केली होती. पण चकव्यात सापडलेल्या बोनान्झाचा वेग फार लवकर वाढतो, कारण ते मुळात गुळगुळीत आहे. जो गुण विकला गेला तोच इथे उलटतो. मर्यादेपलीकडच्या वेगात वैमानिक दांडा ओढतो आणि सगळा भार शेपटीवर येतो. पुढची कड पिळवटते, पाते तुटते, त्यामागोमाग पंख. विमाने हवेतच फुटून खाली येत. तिरक्या पात्यांची हलती फळीही नाजूक प्रकरण होते. नुसता नवा रंग लावला तरी तिचे संतुलन पुन्हा मोजावे लागे, नाहीतर ती वेगात थरथरू लागण्याचा धोका.

दरवेळी अहवालात सापडायचे तेच : वैमानिक ढगात शिरला, ताबा सुटला, वेगमर्यादा ओलांडली. सगळे खरे. आणि म्हणून कंपनीला म्हणता येई की मर्यादेपलीकडे नेल्यावर कुठलेही विमान तुटेल.

या युक्तिवादाला उत्तर कंपनीच्याच कारखान्यात होते. बोनान्झाची सख्खी भावंडे होती, पंख आणि धड तेच, शेपटी मात्र नेहमीची तीन पात्यांची. तीही मुख्यतः खाजगी मालकच उडवत, ढगही तेच. ती इतकी तुटत नव्हती. हवेत फुटण्याचे प्रमाण दोन-पाती विमानात कितीतरी पटींनी जास्त होते. एवढी साधी तुलना गांभीर्याने घ्यायला १९८०चे दशक उजाडावे लागले. तेव्हा मालकांच्या संघटनेचा रेटा आणि वर्तमानपत्रांतली टीका यानंतर सरकारने शेपटीची नव्याने तपासणी करवली, आणि १९८७ मध्ये आदेश निघाला : सी-३५ पासून पुढच्या दोन-पाती विमानांच्या शेपटीची पुढची कड मुळाशी धडाला पट्टीने जखडावी. वाळूच्या घड्याळासारखे ते वर्ष उलटे करून पाहिले की छाती दडपते. १९५१ ते १९८७. सज्जाला टेकू लावायला छत्तीस वर्षे. त्यानंतर तशा दुर्घटना फारच विरळ झाल्या.

लोक ढगात शिरायचे मात्र थांबले नाहीत. भावंडांपैकी एकाचे, डेबोनेरचे, उदाहरण भारतीय वाचकाला जवळचे वाटेल, कारण जिम रीव्ह्ज आपल्याकडे गोव्यापासून मिझोरमपर्यंत घराघरांत ऐकला गेला. ३१ जुलै १९६४ रोजी तो स्वतः डेबोनेर चालवत नॅशव्हिलकडे परतत होता, सोबत त्याचा पियानोवादक-व्यवस्थापक डीन मॅन्युएल. शहराजवळ वादळात शिरल्यावर चकवा लागला. दाट झाडीत पडलेले अवशेष सापडायला दोन दिवस लागले. तीन पात्यांची, भरवशाची शेपटी तिथे कामाला आली नाही. म्हणजे ‘विमानच वाईट’ हे वाक्यही पंचनाम्याइतकेच आळशी ठरले असते.

बोनान्झाच्या इतिहासात एक क्षुल्लक वाटणारा अपघातही आहे, आणि मला तोच सर्वांत बोलका वाटतो. कुणी मरत नसे. विमान नीट उतरे, धावपट्टीवर धावू लागे, आणि वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्यासाठी हात पुढे करून चाके मिटण्याची कळ दाबे. विमान पोटावर बसे. वैमानिकाची चूक, याहून उघड काय असणार? पण जुन्या बोनान्झात या दोन कळा बाकीच्या बहुतेक विमानांच्या उलट जागी होत्या. इतरत्र जिथे झडपांची कळ, तिथे इथे चाकांची. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८० मध्ये या अपघातांवर खास अहवाल काढला आणि त्याच्या शीर्षकातच त्यांना रचनेतून घडणारे अपघात म्हटले. ‘रचनेतून घडणारे’ हे विशेषण मी वहीत दोनदा लिहिले.

नवीन काही त्यात नव्हते. युद्धकाळातच अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आले होते की बॉम्बफेकी विमाने उतरल्यावर पोटावर बसतात ती कळा सारख्या दिसतात म्हणून. त्याचा उपाय : चाकांच्या कळीला छोटे चाक लावा, झडपांच्या कळीला पाचरीसारखा तुकडा, म्हणजे अंधारात हातालाही कळेल. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० चुकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द अवतरणचिन्हांत आहेत. अनुवादक म्हणून सांगते, आख्ख्या विषयावरचे सर्वांत मोलाचे मत मला त्या दोन चिन्हांत सापडले. १९४७ म्हणजे बोनान्झा बाजारात आले तेच वर्ष.

एवढे वाचून मी पुन्हा क्लिअर लेककडे आले. पीटरसनचे विमान १९४७चे, जुन्या अरुंद शेपटीचे. ते हवेत तुटले नव्हते. म्हणजे इथे टेकू-सज्जाचा प्रश्नच नाही. तरुण वैमानिक, उपकरणांवर उडण्याच्या चाचणीत वर्षभरापूर्वी नापास झालेला, हिमवृष्टीच्या तोंडावर, तारे आणि दिवे नसलेल्या काळोखात उडाला. ‘अविचारी’ चुकीचे नाही. पण मंडळाने एका वाक्यात उरकलेली दोन साहाय्यक कारणे मी आता थांबून वाचली. एक : हवामान-कार्यालयांनी वादळाच्या ज्या तातडीच्या सूचना काढल्या होत्या, त्या त्याला सांगितल्याच गेल्या नाहीत. दोन : विमान कलले आहे की सरळ, नाक वर आहे की खाली, हे दाखवणारे त्या विमानातले उपकरण जुन्या घाटाचे होते, आणि नाक वर-खाली झाल्याचे ते त्याच्या सवयीच्या उपकरणाच्या नेमके उलट दाखवी. ज्यांवर तो शिकला होता त्यांत एक रीत, इथे दुसरी. चकव्यात सापडलेल्या माणसाने कानावर विश्वास न ठेवता उपकरणाकडे पाहायचे असते. त्याने पाहिले असेल, तर उपकरण त्याला त्याच्या सवयीच्या भाषेत उलटा अर्थ सांगत होते.

अनुवादात याला फसवे सारखे शब्द म्हणतात. हिंदीतली शिक्षा आणि मराठीतली शिक्षा. दोन्ही भाषा येणारा माणूसही घाईत, थकलेला असताना, चुकतो. मी चुकले आहे. मला संपादकाचा फोन येतो. पीटरसनला काही मिनिटे होती.

२०१५ मध्ये या अपघाताची चौकशी नव्याने करावी असा अर्ज सुरक्षा मंडळाकडे आला होता. मंडळाने तो नाकारला. ‘संभाव्य कारण’ १९५९चेच कायम आहे.

तळटीप मी शेवटी पाच ओळींची केली. संपादकांनी तीन कापल्या, आणि लेख संगीतावरचा असल्यामुळे त्यांचे बरोबरच होते. उपकरण गेले, हवामानाच्या सूचना गेल्या. ‘अविचारी’ मी आधीच लिहिलेले नव्हते. छापून आले ते एवढेच : विमानाचे नाव ‘अमेरिकन पाय’ होते ही आख्यायिका आहे. त्या विमानाला नाव नव्हते. नोंदणी क्रमांक होता, एन ३७९४ एन.